सल्लागार मंडळातलं तिसरं नाव

हॉलंडहून आलेला तो ई-मेल मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वाचला. इंग्रजीत होता, सात-आठ ओळींचा, आणि त्यात एकही कडक शब्द नव्हता. ‘आपल्या नियतकालिकाच्या सल्लागार मंडळात माझं नाव छापलेलं एका सहकाऱ्याने मला दाखवलं. अशी संमती मी दिल्याचं मला आठवत नाही. नाव कृपया लवकरात लवकर काढावं आणि तसं कळवावं.’ खाली तिचं नाव, हुद्दा, विद्यापीठ. तुझी आई कशी आहे, बांध कसा आहे, काही नाही. मी दार लोटून आलो आणि पुन्हा वाचला. आठ दिवसांनी संस्थेची समिती येणार होती, आणि आमचं नियतकालिक जगवायला माझ्या हातात त्या एका नावाखेरीज काही नव्हतं.

मी तळा गावातल्या कॉलेजात भूगोल शिकवतो. तळा म्हणायला तालुक्याचं ठिकाण, पण बाजारपेठेच्या या टोकाला कोणी शिंकलं तर त्या टोकाला कळतं. अशा गावातून संशोधनाचं नियतकालिक काढायचं खूळ माझं. प्राचार्यांनी ते उचलून धरलं, हा त्यांचा मोठेपणा. वर्षातून दोन अंक. विषय आमच्या अंगणातले: खाडी, खारजमीन, बांध, वादळानंतर दिवेआगरला पुन्हा उभ्या राहिलेल्या आणि न राहिलेल्या सुपारीच्या वाड्या. निम्मे लेख मराठीत, निम्मे इंग्रजीत. वेबसाइटवर सगळं फुकट, आणि थोड्या छापील प्रती. सहकारी त्याला ‘तुमचं पंचांग’ म्हणायचे. ‘आलं का हो पंचांग? पाऊस कधी आहे?’ मी वरवर हसायचो आणि आतून जळायचो. मला सगळ्यांना काहीतरी दाखवून द्यायचं होतं. काय, ते मलाही धड सांगता आलं नसतं.

तिसऱ्या वर्षी संस्थेने ठरवलं की आपल्या कॉलेजांमधून निघणारी अशी नियतकालिकं तपासायची आणि नको ती बंद करायची. तपासणीचा तक्ता आला. अंक वेळेवर निघतो का, लेख तज्ज्ञांना दाखवता का, यात आम्ही कुठे कमी पडत नव्हतो. मग एक रकाना होता, ‘देशाबाहेरील वाचक व सल्लागार’, आणि त्याच्यापुढे ‘अनिवार्य’. प्राचार्य म्हणाले, ‘बाकीचं मी बघतो. तेवढा रकाना तुमच्याकडे.’ मी ऐटीत म्हटलं, ‘सर, तो भरलेलाच आहे.’

त्या रकान्यात होती ती, हॉलंडची. मी एम.ए. करत होतो तेव्हा ती आमच्या गावी आली होती, खारबांधांचा अभ्यास करायला. आमचं गाव खाडीच्या काठावर आहे, तळ्याहून एसटीने तासाभराच्या अंतरावर. भरतीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून आमच्याकडे मातीचा बांध घालतात, आणि त्या बांधाचा तुकडा न् तुकडा घराघरांत वाटलेला असतो. ज्याचा तुकडा त्याने राखायचा. तिच्या देशातही समुद्र असाच अडवून धरलेला, म्हणून तिला याचं अप्रूप. ती तीन आठवडे आमच्या घरी राहिली. मी दुभाष्या. पण आईला आणि तिला माझी गरज फारशी पडलीच नाही. पहिल्याच दिवशी ती बांधावरून घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली. आईने तिला हाताला धरून ओढून काढलं, घरी आणून ऊन पाण्याने तिचे पाय धुतले आणि रागावली. ती मुकाट्याने ऐकून घेत होती. निघताना आईने तिची ओटी भरली. तिने तो नारळ मांडीवर घेऊनच एसटीत जागा धरली.

मग पत्रं आली, फोटो आले, नंतर दिवाळीच्या आगेमागे एखादी ओळ. ती प्राध्यापक झाल्याचं मला इंटरनेटवरून कळलं. मधली किती वर्षं गेली ते मोजायचं मी टाळतो.

आता नावाची गोष्ट. आमच्याकडे लग्नपत्रिकेत नावं घालताना कोणी कोणाला विचारत नाही. चुलते, मामे, आत्या, मुंबईला गेलेले, बोलणं बंद असलेले, सगळ्यांची नावं बिनदिक्कत छापतात. नाव घालणं हा मान. नाव राहिलं तर माणूस मांडवात पाय ठेवत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात एका चुलत्याचं नाव राहून गेलं, तर बाबांना नव्या पत्रिका छापून घेऊन त्यांच्या ओटीवर अर्धा दिवस बसून राहावं लागलं होतं. त्यामुळे पहिल्या अंकाच्या वेळी मी पडवीत सल्लागारांची यादी लिहीत बसलो होतो आणि आई शेजारी तांदूळ निवडत होती, तेव्हा जे झालं ते अगदी रीतीला धरून झालं.

‘कोनाकोनाची नावा घालतंस?’

मी वाचून दाखवली. प्राचार्य, मुंबईचे एक निवृत्त प्राध्यापक, आणखी दोघं.

‘आन् तिचा?’

‘घालू?’

‘घालू काय इचारतंस? तिचाच राह्यला तं काय म्हनल ती?’

मी घातलं. तिसऱ्या ओळीत. अंक छापून आला तेव्हा आईचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं, कारण आईला वाचता येत नाही. त्यानंतर प्रत्येक अंक हातात आला की आई आतलं पान उघडायची, वरून तिसऱ्या ओळीवर बोट टेकवायची आणि म्हणायची, ‘हाय.’ मग अंक देवाच्या फळीवर.

मी शिकलेला माणूस. आई अडाणी म्हणून तिच्यावर ढकलणार नाही. परदेशातल्या विद्यापीठात असं चालत नाही हे मला माहीत होतं. माहीत होतं, आणि तरी दोन ओळी लिहून विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारलं तर ती नाही म्हणण्याची शक्यता होती.

शिवाय माझ्याकडे नकाशा होता. वेबसाइटवर जगाचा नकाशा टाकायची सोय असते. अंक कुठे उघडला की त्या जागी लाल ठिपका पडतो. पहिल्या महिन्यात ठिपके रायगडात आणि मुंबईत. मग एक दिवस कुवेत. मग दोहा, मस्कत. आणि मग हॉलंड. तो ठिपका पाहिला आणि मी स्टाफरूममध्ये एकटाच उभा राहिलो. ती वाचतेय. काही न बोलता, काही न लिहिता वाचतेय. प्रत्येक अंकानंतर हॉलंडचा ठिपका यायचा आणि मी त्या दिवशी तास जरा बरा घ्यायचो. बायको म्हणाली, ‘नकाशाला उदबत्ती लावायची तेवढी राहिलीय.’

आखातातले ठिपके कोणाचे ते मला लवकरच समजलं. दुसऱ्या अंकात मी खाडीच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या बांधांची वाटणी छापली होती, कोणत्या घराकडे कोणता तुकडा. मस्कतला क्रेन चालवणाऱ्या एका माणसाचं त्यावर लांबलचक पत्र आलं. खाडीपलीकडच्या गावचा. ‘सर, उघाडीच्या बाजूचा तुकडा तुम्ही आमच्या चुलत घराकडे दाखवलात. तो आमचा आहे. माझ्या आजोबांनी तिथे खांड पडली तेव्हा रात्रभर पाठ लावून पाणी धरलं होतं. कृपया दुरुस्ती करावी.’ उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, आणि खांड म्हणजे बांध फुटतो ती जागा. मी चौकशी केली. त्याचंच खरं होतं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली, तर त्याने ती कुठेकुठे पाठवली कोण जाणे, नकाशावर आठवडाभर ठिपके पडत राहिले. एक तर भर समुद्रात होता, कुठल्याशा जहाजावर. माझ्या लेखावर आजवर कोणी इतकं मनापासून भांडलं नव्हतं.

तर असा तो ई-मेल आला. शहाण्या माणसाने त्याच क्षणी नाव काढलं असतं. मी काढलं नाही. ‘लवकरात लवकर’ म्हणजे आजच असं कुठे लिहिलंय, असं मी स्वतःला सांगितलं. आठ दिवस जाऊ देत, समिती येऊन जाऊ दे, मग काढू. मी तिच्यावर मनातल्या मनात भयंकर चिडलो. आमच्या घरचं जेवलीस, आईने तुझे पाय धुतले, आणि आता तुला आठवत नाही? मग शरम वाटायची, कारण तिला आठवत नव्हती ती संमती होती, आणि ती तिने दिलीच नव्हती. उत्तरं लिहिली आणि पुसली. एकात सगळं खरं होतं, ते सगळ्यात आधी पुसलं. वर्गात मुलांना भरती-ओहोटी शिकवताना मधेच थांबलो आणि कुठपर्यंत आलो होतो ते आठवेना. प्राचार्य भेटले की पाठीवर थाप मारायचे, ‘काय, तयार ना?’ मी म्हणायचो, ‘एकदम.’ त्या थापेचं ओझं मला आजही जाणवतं.

समिती आली. अध्यक्ष होते आणि मुंबईहून आलेल्या एक प्राध्यापक बाई होत्या. बाई हुशार होत्या आणि त्यांनी अंक खरोखर वाचले होते, हे माझं दुर्दैव. जेवणानंतर मी भिंतीवर नकाशा दाखवला. माझ्या आवाजात नको इतका उत्साह होता.

‘कुवेत, दोहा, मस्कत,’ बाई म्हणाल्या. ‘हे कोण? विद्यापीठातले आहेत का?’

‘नाही. क्रेनवर आहेत, ड्रायव्हर आहेत, एक जण बेकरीत आहे.’

‘म्हणजे तुमच्याच भागातले.’

‘हो.’

‘मग हे परदेशी वाचक कसे? तुमचेच लोक आहेत. परदेशात राहतात एवढंच.’

मला एकदम राग आला. ‘बाई, ते अंक वाचून भांडतात. चुका काढतात. आणखी काय करतो वाचक?’

‘ते बरोबर आहे,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘पण तक्त्यात बसत नाही.’ मग त्यांनी आतलं पान उघडलं आणि त्यांचं बोट वरून तिसऱ्या ओळीवर थांबलं. ‘या बाई मात्र मोठ्या आहेत. यांचं काम मला माहीत आहे. पाच मिनिटं बोलता येईल त्यांच्याशी? आत्ता त्यांच्याकडे सकाळ असेल.’

मी म्हटलं, इथे नेटवर्क चांगलं नसतं. प्राचार्य मदतीला धावले. ‘माझ्या केबिनमध्ये उत्तम असतं. चला, तिकडेच बसू.’ त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! त्यांना वाटलं, आता आपण जिंकलो.

केबिनपर्यंत वीसेक पावलं असतील. त्या वीस पावलांत मी कॉम्प्युटर बिघडावा, वीज जावी, मला भोवळ यावी, जे जे सुचेल ते मागून पाहिलं. काहीच झालं नाही. प्राचार्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं की हॉलंडच्या बाईंना मी विचारलेलं नाही. त्यांनी नाव काढायला सांगून आठ दिवस झाले. मी काढलेलं नाही.

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी विचारलं, ‘पण विचारल्याशिवाय घातलंत कसं?’ मी लग्नपत्रिकेचं सांगितलं. का सांगितलं देव जाणे. आमच्याकडे मान म्हणून घालतात, वगैरे. अध्यक्ष रायगडचेच होते, त्यांना ते समजलं असणार, कारण त्यांनी मान खाली घातली. बाई म्हणाल्या, ‘अहो, पण ही लग्नपत्रिका नाही.’ प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. सगळे गेल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘मला तरी सांगायचं होतंत.’ ते आता माझ्याशी पूर्वीसारखंच बोलतात, कामापुरतं. पाठीवर थाप मारत नाहीत.

प्रकाशन थांबवण्याचा निर्णय पत्राने आला. छापून तयार असलेला शेवटचा अंक वाटायला हरकत नाही, मात्र प्रत्येक प्रतीत ते नाव झाकावं. वेबसाइटवरून नाव मी समिती आली त्याच दिवशी काढलं होतं आणि तिला कळवलं होतं. ‘नाव काढलं आहे. चूक माझी. क्षमस्व.’ तिचं उत्तर आलं, ‘आभारी आहे.’ मग मला तो ठिपका आठवला. ती नव्हतीच. ज्या बाईला तिसऱ्या वर्षी सहकाऱ्याकडून कळतं, ती पहिल्या अंकापासून वाचत कशी असेल? दुसरं कोणीतरी होतं हॉलंडमध्ये, आमच्यातलंच एखादं, बंदराला लागलेल्या जहाजावरचं. मी तीन वर्षं त्याच्या जिवावर तास बरे घेतले होते.

प्रतींचा खोका मी एसटीत घालून घरी नेला. कॉलेजात सगळ्यांसमोर पट्ट्या चिकटवत बसायची लाज वाटली. पडवीत कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या कापायला घेतल्या. आईने भाताची खळ करून दिली आणि स्वतःहून शेजारी येऊन बसली. मी खळ लावून पट्टी पुढे करायचो, ती पान उघडून दाबायची. मला वाटलं, ती बोलत नाही म्हणजे तिच्या लक्षात आलेलं नाही. पाच-सहा प्रती झाल्यावर तिचा हात थांबला. तिने नवी प्रत उघडली, वरून तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘ह्या तं तिचा नाव.’

‘व्हय.’

‘मंग झाकतंस कशाला?’

मी सांगितलं. ती रागावली आहे, नाव नको म्हणाली. आईला धक्का बसेल असं वाटलं होतं. पण तिने अगदी साधं विचारलं, ‘पुस्तक तिला नेऊन दिलाव्हतास का?’

‘नेऊन?’ मी विचारलं.

‘नेऊन म्हंजे, लांब हाय, पोष्टान. पयला पुस्तक आला तवा. धाडलाव्हतास?’

नव्हतं धाडलं. एकही अंक धाडला नव्हता. तीन वर्षांत तिचं नाव मी सगळीकडे मिरवलं, तिचा ठिपका म्हणून कुणाच्या तरी ठिपक्यावर जीव टाकला, आणि एक अंक पाकिटात घालून पत्ता लिहावा हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. कागद हलका होता, इंग्रजीत चुका होत्या, ती हसेल असं वाटलं. नाव हवं होतं मला. ती नको होती.

‘नाव छापला म्हंजे झाला व्हय?’ आई म्हणाली. ‘घराव जाऊन, कुकू लावून, या म्हनून सांगायला लागतं. तुजे बापासनी म्हाईत व्हता. मना वाटला तू केला आसशील.’

ती उठली. देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा घेऊन आली, पट्टी न लावलेली एक प्रत उचलली, आणि लग्नपत्रिकेला लावतात तसं चारी कोपऱ्यांना कुंकवाचं बोट लावलं. ‘ह्यो तिला धाड. म्हनावा, आमचा चुकला.’

‘आई, यात तिचं नाव आहे. ते तिला नकोय.’

‘नाव झाकून कोन आवतन देतं?’

मी प्रत घेतली. पाकिटात घातली, वर तिच्या विद्यापीठाचा पत्ताही लिहिला. पट्टी लावून पाठवली तर आईने दिलेलं ते हे नव्हे. न लावता पाठवली तर तिने हात जोडून नको म्हटलेलं नाव मी पुन्हा छापील तिच्या दारात नेऊन ठेवतो. पाकीट माझ्या स्टाफरूमच्या कपाटात आहे, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे. मस्कतवाला अधूनमधून विचारतो, ‘सर, पुढचा अंक कधी?’ त्याला मी खरं सांगितलं.

आईला नाही. दर शनिवारी मी घरी गेलो की ती पायऱ्यांवर बसलेली असते आणि विचारते, ‘पोचला का तिला?’

मी म्हणतो, ‘लांब आहे गं. वेळ लागतो.’